बॉल फेकू नका, सोडा: टेन-पिन बोलिंगचं शास्त्र, तंत्र आणि साहित्य

पहिल्यांदा लेनवर उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: बॉल फेकतो. दात-ओठ खाऊन, खांद्यातला सगळा जोर काढून. बॉल धाडकन आपटतो, सुसाट जाऊन मधोमध धडकतो, आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या पिना काही झालंच नाही अशा उभ्या राहतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं असाच फेकत होतो आणि उभ्या राहिलेल्या पिनांना नशीब म्हणत होतो.

त्या नशिबामागे बरंच साधं भौतिकशास्त्र असतं. ते कळलं की पाऊल कुठे टाकायचं, बॉल कोणता घ्यायचा, मनगट कसं ठेवायचं, या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. त्यामुळे आधी लेन आणि बॉलचा प्रवास, मग हातापायांचं तंत्र, आणि साहित्य जिथे लागेल तिथे, असा क्रम ठेवला आहे. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ते आरशात बघावं.

60 फुटांचा नकाशा

फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या पुढे पाय टाकायचा नाही त्या रेषेपासून, सगळ्यात पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. लेनची रुंदी साधारण साडेएक्केचाळीस इंच. ती 39 उभ्या पट्ट्यांत विभागलेली असते. या पट्ट्यांना बोर्ड म्हणतात आणि एक बोर्ड इंचाहून किंचित जास्त रुंद असतो. पूर्वी हे खरोखरचे लाकडी तुकडे असत. बॉल आपटतो तिथे आणि पिना उभ्या असतात तिथे टणक मेपल, मधल्या भागात पाइन. आता बहुतेक लेन कृत्रिम पदार्थाच्या असतात आणि लाकडाच्या रेषा नुसत्या छापलेल्या असतात, पण बोर्ड मोजायची पद्धत तीच राहिली आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजव्या गटरकडून, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेकडून, मोजतो.

फाउल लाइनच्या पुढे 12 ते 16 फुटांच्या पट्ट्यात सात बाण दिसतात. ते दर पाचव्या बोर्डवर असतात: 5, 10, 15, 20, 25, 30 आणि 35. मधला बाण, म्हणजे विसावा बोर्ड, थेट पुढच्या पिनेच्या रेषेत येतो. तुम्ही ज्या भागात चालता त्या ॲप्रोचवरही ठिपके असतात, पाय कुठे ठेवायचा ते ठरवण्यासाठी.

हे बाण शोभेचे नाहीत. नजर पिनांवर नको, बाणावर हवी. 60 फुटांवरच्या वस्तूवर नेम धरण्यापेक्षा 15 फुटांवरच्या खुणेवरून बॉल नेणं कितीतरी सोपं. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, कारण पाडायच्या आहेत त्या पिना आणि बघायचं आहे जमिनीकडे. दोन-तीन दिवसांत सवय होते.

पिना दहा, समभुज त्रिकोणात, शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमध्ये 12 इंच. प्रत्येक पिनेची उंची 15 इंच, वजन साधारण साडेतीन पौंड. सगळ्यात पुढची 1 नंबरची, तिला हेड पिन म्हणतात. तिच्या मागे डावीकडून 2 आणि 3, मग 4-5-6, शेवटच्या ओळीत 7-8-9-10. हे आकडे डोक्यात पक्के बसवा, पुढे पावलोपावली लागणार आहेत.

आता या नकाशावरची न दिसणारी गोष्ट: तेल. लेनवर तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. अख्ख्या लेनला मिळून 20 ते 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे भरतील एवढंच. साधारणपणे पहिल्या 40 फुटांपर्यंत तेल असतं आणि पिनांजवळचे शेवटचे 20 फूट कोरडे. तेल कुठे किती द्यायचं त्या मांडणीला पॅटर्न म्हणतात. रोजच्या खेळासाठीच्या पॅटर्नमध्ये मधल्या बोर्डांवर तेल जास्त आणि कडांना बरंच कमी असतं. स्पर्धांच्या अवघड पॅटर्नमध्ये हा फरक कमी करतात, आणि एरवी एका गेममध्ये 200 गुण करणारा माणूस तिथे 150 वर येतो.

सव्वादोन सेकंदांत काय घडतं

एक छोटं गणित करू. चांगल्या खेळाडूचा बॉल ताशी 29 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला साधारण 8 मीटर. बॉलचा परिघ जास्तीत जास्त 68.6 सेंटिमीटर. हा बॉल अजिबात न घसरता चाकासारखा गडगडायचा असेल, तर त्याला मिनिटाला सुमारे 700 फेरे घ्यावे लागतील. माणसाच्या हातातून सुटताना मात्र बॉलला 300-350 फेरे मिळाले तरी ते चांगले समजले जातात. म्हणजे सुटताना बॉल जितका गडगडतो त्याहून जास्त घसरतो.

मग लेनचं घर्षण कामाला लागतं. ते बॉलचा वेग कमी करतं आणि फेरे वाढवतं, दोन्हींचा मेळ बसेपर्यंत. अगदीच फिरकी नसलेला बॉल अशा वेळी जवळजवळ पाव वेग गमावून बसतो. या प्रवासाचे तीन टप्पे आहेत. आधी स्किड: तेलातून घसरत जाणं. मग हुक: कोरडा भाग लागल्यावर पकड घेऊन वळणं. शेवटी रोल: वळण संपून सरळ, भरीव गडगडणं.

वळण कुठून येतं? बॉल सुटताना त्याला बाजूची फिरकी असेल, तर त्याचा लेनला टेकलेला तळ पुढे जाताजाता उजवीकडे खरवडत असतो. घर्षण नेहमी खरवडण्याच्या उलट दिशेला ढकलतं, म्हणून बॉल डावीकडे वळतो. तेलात हे ढकलणं फारच क्षीण असतं. तिथे फिरकी नुसती साठून राहते, आणि कोरड्यावर आल्यावर कामाला येते. ओल्या फरशीवर फिरणारा भोवरा कोरड्या फरशीवर गेल्यावर एकदम दिशा बदलतो, तसंच.

या तीन टप्प्यांत सगळा खेळ आला. स्किड फार लांबला तर बॉल वळायच्या आधीच पिनांपाशी पोचतो. हुक फार लवकर झाला तर बॉल अर्ध्या वाटेतच दमतो आणि पिनांना लागताना त्यात दम उरत नाही. बॉलने पिनांच्या अगदी आधी रोलमध्ये यावं, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

पॉकेट आणि सहा अंश

हेड पिन आणि 3 नंबरची पिन यांच्यामधली फट म्हणजे पॉकेट. बॉलचा मध्य साधारण साडेसतराव्या बोर्डवर हवा. हेड पिनेच्या बरोब्बर नाकावर बॉल मारणं हे नवख्यांना यश वाटतं, आणि स्प्लिट, म्हणजे मध्ये मोठी फट ठेवून उरलेल्या पिना, तिथूनच जन्मतात.

पॉकेटला लागलेला आदर्श बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. 1 पाडते 2 ला, 2 पाडते 4 ला, 4 पाडते 7 ला. उजवीकडे 3 पाडते 6 ला आणि 6 पाडते 10 ला. 5 मागच्या 8 ला घेऊन जाते. कॅरम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: स्ट्रायकर सोंगटीला कुठे लागतो त्यावर सोंगटीची दिशा ठरते.

कोन इथे निर्णायक ठरतो. दहा पिनांचं एकत्र वजन 35 पौंडांच्या आसपास, आणि बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा. त्यामुळे हेड पिनेला लागताच बॉल उजवीकडे ढकलला जातो. तो फार सपाट कोनात आला असेल तर 5 पर्यंत पोचतच नाही. पॉकेटमध्ये शिरताना सुमारे 6 अंशांचा कोन असेल तर चूक पोटात घालणारी जागा सगळ्यात जास्त मिळते. आता सरळ बॉल बघा. उजव्या कडेपासून थेट पॉकेटकडे सोडला तरी 60 फुटांत तो जेमतेम 15 इंच आडवा सरकतो, म्हणजे कोन सव्वा अंशाच्या आसपास. फार ताणला तर दीड. सरळ बॉलने स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना, होत नाही असं नाही, पण अचूकतेवर फार भार येतो. म्हणून हुक शिकायचा. दिसायला छान म्हणून शिकलात तरी हरकत नाही, पण खरं कारण हे आहे.

पहिली पायरी: वजन आणि भोकं

तुमच्या वजनाच्या दहा टक्के वजनाचा बॉल घ्या, असं सगळीकडे सांगतात. हा अंदाज म्हणून ठीक, नियम म्हणून वाईट, कारण तो मनगट, खांदा, वय काहीच विचारात घेत नाही. त्यापेक्षा बॉल हातात घेऊन हात बाजूला लोंबता ठेवा आणि लंबकासारखा दहा वेळा झुलवा. खांदा खाली ओढला जात असेल, मनगट मागे मोडत असेल, तर बॉल जड आहे. हात नकळत बॉलला धक्का देऊन वेग वाढवत असेल, तर हलका. जड बॉल पिनांमध्ये कमी ढळतो हे खरं, पण 16 पौंडांचा बॉल ओढत नेण्यापेक्षा 13 चा मोकळेपणाने झुलवलेला केव्हाही बरा.

वजनाहून महत्त्वाचं म्हणजे भोकं. बोलिंग सेंटरवरच्या बॉलमध्ये सहसा मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात. ही जुनी, सुरक्षित पकड. तपासायचं असं: अंगठा पूर्ण आत घाला, बाकीची बोटं भोकांवर सैल पसरा. बोटांच्या मधल्या सांध्याची रेघ भोकाच्या जवळच्या कडेच्या साधारण पाव इंच पुढे यायला हवी. मग बोटं आत घालून बघा. तळहात आणि बॉल यांच्यामध्ये एक पेन्सिल सरकेल एवढी फट असावी. अंगठा आत हलकासा घासत फिरला पाहिजे. अडकत असेल तर बॉल हातातून वेळेवर सुटणार नाही, आणि फार सैल असेल तर बॉल पडू नये म्हणून तुम्ही मूठ आवळाल. मूठ आवळली की हात आखडतो, हात आखडला की झोका गेला. निम्म्या नवख्यांचे दोष या एका भोकातून निघतात.

स्वतःच्या हाताच्या मापाने भोकं पाडून घेतलेला बॉल मिळाला की फिंगरटिप पकड घेता येते. तिच्यात बोटं फक्त पहिल्या पेरापर्यंत जातात. अंगठा आधी सुटल्यावर बोटं बॉलवर क्षणभर जास्त राहतात आणि फिरकी वाढते. माझा पहिला मापाचा बॉल घाईत पाडून घेतला होता. अंगठा आणि बोटांमधलं अंतर थोडं जास्त झालं होतं, आणि ते मला महिनाभर कळलं नाही. कळलं तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. माप घेताना हात गरम, थोडा खेळून झालेला असावा, आणि पहिल्या दोन-तीन गेमनंतर परत जाऊन दुरुस्ती करून घ्यायची तयारी असावी. अंगठा दिवसभरात फुगतो आणि आकसतो. त्यासाठी भोकात लावायची टेप पिशवीत ठेवायचीच. एक पट्टी लावली किंवा काढली तरी फरक जाणवतो.

बुटांबद्दल थोडक्यात. भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळवे घसरणारे असतात. स्वतःचे चांगले बूट घेतले तर डावा तळवा घसरणारा आणि उजवा रबरी, जोर घेणारा, असा जोड मिळतो. बॉलच्या आधी बूट घ्या. शेवटचं पाऊल रोज सारखं घसरलं नाही तर बाकी काहीच सारखं होत नाही. आणि ओल्या जागी ते घालून फिरू नका. तळव्याला पाण्याचा एक थेंब लागला तरी पाय जागीच अडकतो आणि माणूस तोंडावर जातो.

दुसरी पायरी: चार पावलं

आधी उभं राहायची जागा शोधा. फाउल लाइनला पाठ लावून ॲप्रोचवर उलट दिशेने साडेचार पावलं चाला, तुमच्या नेहमीच्या चालीने. मग वळा. तिथून सुरुवात. शेवटचं अर्धं पाऊल घसरण्यासाठी ठेवलेलं आहे.

बॉल कमरेच्या वर, उजव्या खांद्याच्या रेषेत धरा आणि त्याचं वजन डाव्या हातावर घ्या. गुडघे थोडे वाकलेले, खांदे सैल.

पहिलं पाऊल उजव्या पायाचं. त्याच क्षणी बॉल पुढे आणि किंचित खाली ढकला. पाय आणि बॉल एकत्र निघाले पाहिजेत. बॉल उशिरा निघाला तर पुढची सगळी पावलं त्याला गाठण्यात जातात. दुसरं पाऊल डावं: बॉल आपल्या वजनाने खाली येऊन पायाजवळून मागे जातो, डावा हात बॉलवरून सुटून तोल साधायला बाजूला पसरतो. तिसरं उजवं: बॉल मागच्या झोक्याच्या वरच्या टोकाला. चौथं डावं, घसरतं: बॉल खाली येतो, घोट्याजवळून सुटतो, आणि उजवा पाय मागून डावीकडे जाऊन तोल सांभाळतो.

या सगळ्यात हाताने जोर लावायचा नाही. हात म्हणजे दोरी, बॉल म्हणजे लंबक. वेग हवा असेल तर बॉल सुरुवातीला थोडा वर धरा, म्हणजे झोका उंच जाईल. किंवा पावलं थोडी जलद टाका. दंडाने ओढलात तर बॉल पायाच्या आतल्या बाजूला येतो आणि डावीकडे पळतो. बॉल सुटल्यावर फाउल लाइनपाशी तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर उभं राहता येत नसेल, तर कुठेतरी जोर लावलेला आहे असं समजा. मी अजूनही हे तीन आकडे मोजतो.

फाउल लाइनला पाय लागला तर त्या बॉलने पाडलेल्या पिना धरत नाहीत. पलीकडे तेल आहे, त्यामुळे तिकडे पाय गेला तर गुणांपेक्षा कंबर जाण्याचा धोका मोठा.

पाच पावलांची पद्धत म्हणजे हीच चार, फक्त आधी डाव्या पायाचं एक छोटं पाऊल, ज्यात बॉल हलत नाही. चालीला लय मिळते म्हणून अनेकांना ती सोयीची वाटते. जी जमेल ती घ्या, पण आठवड्याला बदलू नका.

तिसरी पायरी: सोडणं

हाच भाग सगळ्यात जास्त गुंतागुंतीचा करून सांगितला जातो. प्रत्यक्षात बॉल घोट्यापाशी येतो तेव्हा हात कसा असावा? कोणाशी हस्तांदोलन करायला पुढे केल्यासारखा. अंगठा आतल्या बाजूला, घड्याळात दहाच्या आकड्याकडे. बोटं बॉलच्या मागे आणि थोडी बाहेरच्या बाजूला. अंगठा आधी सुटतो, बोटं नंतर. बोटं सुटताना बॉलला वर आणि बाजूने फिरवतात. एवढंच. मनगट मुद्दाम पिळायचं नाही. पिळलं की हात बॉलच्या वर येतो, बॉल लट्टूसारखा जागच्या जागी फिरतो आणि लेनवर पकडच घेत नाही.

सराव असा करा. पावलं न टाकता, डावा पाय पुढे ठेवून फाउल लाइनजवळ उभे राहा आणि बॉल नुसता झुलवून सोडा. पिना विसरा. बॉल सुटताना अंगठ्याला आधी मोकळं झाल्यासारखं वाटतं का आणि बोटांवर क्षणभर वजन येतं का, एवढंच बघा. वीस-पंचवीस वेळा. मग एक घसरतं पाऊल जोडा, मग चार. आवाजही ऐका: बॉल लेनवर टेकताना ठोका ऐकू आला तर तो वरून पडला, सरकल्याचा आवाज आला तर बरोबर.

फिरकीचे दोन गुण वेगवेगळे ओळखा. एक, फेरे किती. दुसरा, ते कोणत्या दिशेला. अगदी पुढच्या दिशेने फिरणारा बॉल वळत नाही. अगदी आडवा फिरणारा उशिरा आणि झटक्याने वळतो. मधली, 45 अंशांच्या आसपासची दिशा बहुतेकांना मानवते. फेऱ्यांच्या मागे लागून दिशा सांभाळली नाही तर बॉल आज इकडे, उद्या तिकडे.

दोन हातांनी खेळण्याबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे आणि फिनलंडचा ओस्कू पालेरमा यांनी ही शैली जगभर रुजवली. अंगठा भोकात घालत नाहीत, डावा हात सुटण्याच्या क्षणापर्यंत बॉलला आधार देतो, आणि फेरे खूप वाढतात. नियमाला ती मान्य आहे. शरीर मात्र लवचीक लागतं. कमरेतून बरंच वाकावं आणि वळावं लागतं. लहान वयात सुरू केलेल्यांना ती सहज येते. चाळिशीत नव्याने सुरू करायची असेल तर पाठीची परवानगी घ्या.

चौथी पायरी, जी लोक गाळतात: स्पेअर

पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं म्हणजे स्पेअर. आता दोन खेळाडू घ्या. दोघेही गेमच्या दहा फ्रेमपैकी, म्हणजे पाळ्यांपैकी, प्रत्येकीत पहिल्या बॉलला नऊ पिना पाडतात. एकाची उरलेली पिन दर वेळी चुकते. त्याचे गुण 90. दुसरा दर वेळी ती पाडतो, आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ पाडतो. त्याचे गुण 190. दोघांचे पहिले बॉल अगदी सारखे, एकही स्ट्राइक नाही, तरी फरक शंभराचा. स्पेअरला दहा अधिक पुढच्या एका बॉलच्या पिना मिळतात, स्ट्राइकला दहा अधिक पुढच्या दोन बॉलच्या, त्यामुळे असं होतं. ओळीने बारा स्ट्राइक म्हणजे 300. ते स्वप्नात असू द्या, सरावात 190 ठेवा.

एकटी पिन दिसते त्यापेक्षा मोठी असते. बॉलची आणि पिनेची जाडी धरली तर बॉलचा मध्य सव्वातेरा इंचांच्या पट्ट्यात कुठेही असला तरी तिला लागतो. कोपऱ्यातल्या 7 आणि 10 साठी मात्र गटर आड येतं आणि हा पट्टा साडेनऊ इंचांच्या खाली जातो. म्हणून त्यांना तिरकं, लेनच्या आरपार मारायचं: 10 साठी डावीकडे उभं राहून, 7 साठी उजवीकडे, आणि नजर मधल्या बाणांच्या परिसरावर.

डावीकडच्या पिनांसाठी जुनी 3-6-9 पद्धत अजून उत्तम आहे. बाण तोच ठेवायचा आणि स्ट्राइकच्या जागेपासून उजवीकडे सरकायचं: 2 साठी तीन बोर्ड, 4 साठी सहा, 7 साठी नऊ. तुम्ही उजवीकडे गेलात आणि बाण तोच ठेवला की बॉल बाणाच्या पलीकडे डावीकडे जातो. आकडे तुमच्या चालीप्रमाणे एखाद्या बोर्डाने इकडेतिकडे होतील. ते वहीत लिहून ठेवा. उजवीकडच्या पिनांसाठी, खास करून 10 साठी, मी निमूटपणे प्लास्टिकचा बॉल काढतो आणि सरळ मारतो. हुक करून 10 पाडण्यात रुबाब आहे, पण वळणारा बॉल तेलाच्या मर्जीवर असतो आणि सरळ बॉल तुमच्या.

तेल वाचणं

सुरुवातीला दुसऱ्या बाणावरून, दहाव्या बोर्डवरून खेळा. रोजच्या पॅटर्नवर तिथे मोठी सवलत असते: बॉल थोडा बाहेर गेला तर कोरड्यावरून परत येतो, थोडा आत गेला तर तेलात घसरत टिकून राहतो.

चुकल्यावर बाण बदलण्याआधी पाय बदला, आणि ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला सरका. पॉकेटच्या डावीकडे गेला तर पाय डावीकडे, उजवीकडे राहिला तर पाय उजवीकडे. पण आधी स्वतःला विचारा की बॉल खरोखर ठरवलेल्या बाणावरून गेला होता का. नसेल तर दोष तेलाचा नाही. काही बदलू नका, परत टाका.

तासाभरात तेलाची जागा बदलते. प्रत्येक बॉल थोडं तेल उचलतो, त्यामुळे तुमची वाट कोरडी पडत जाते आणि बॉल लवकर वळायला लागतो. तेव्हा पाय दोन बोर्ड आणि नजर एक बोर्ड डावीकडे, अशा हिशोबाने सरका. पॅटर्नची लांबी माहीत असेल तर एक सोपी वजाबाकी उपयोगी पडते: लांबीच्या फुटांतून 31 वजा करा, जो आकडा येईल त्या बोर्डच्या आसपास बॉल वळायला लागला पाहिजे. 40 फुटांच्या पॅटर्नला नववा बोर्ड.

उरलेल्या पिनाही बोलतात. चांगला वाटलेला बॉल आणि 10 उभी: 6 नंबरची पिन हळूच गटरात आडवी पडली असेल तर बॉल दमलेला होता, म्हणजे रोल लवकर झाला. 6 वेगाने 10 च्या मानेभोवती फिरून गेली असेल तर बॉल दमदार होता, नेम फक्त केसभर चुकला. तिथे मोठा बदल करू नका. 5 उरली तर बॉल हेड पिनेला फार कमी लागला आणि ढळला. 4 उरली तर बॉल हेड पिनेवर थोडा जास्त चढला.

आता बॉल विकत घ्या

इतक्या उशिरा का, तर इथवर आल्याशिवाय दुकानात काय मागायचं ते कळत नाही.

बॉलचं निम्म्याहून जास्त वागणं त्याच्या बाहेरच्या कवचावर ठरतं. पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला सगळे प्लास्टिक म्हणतात, ते गुळगुळीत आणि कमी पकड घेणारं, स्पेअरसाठी. युरेथेन लवकर पण सौम्य, सांगता येण्यासारखं वळतं. रिॲक्टिव्ह रेझिन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि त्याने खेळच बदलला: त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग तेलात घसरतो आणि कोरड्यावर कडक पकड घेतो. त्याच कवचाला खरखरीत घासलं तर बॉल लवकर वळतो, चकचकीत केलं तर उशिरा. म्हणजे वेगळा बॉल घेण्याआधी आहे त्याचा पृष्ठभाग बदलून बघता येतो, आणि ते बरंच स्वस्त पडतं.

आतला गाभा, म्हणजे कोअर, हा दुसरा भाग. वजन मध्याजवळ असेल तर बॉल लवकर फिरायला लागतो, बाहेरच्या बाजूला असेल तर उशिरा. गाभा लांबट असल्याने फिरताफिरता बॉलचा अक्ष सरकतो आणि प्रत्येक फेऱ्याला कवचाचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. वापरलेल्या बॉलवर तेलाची वर्तुळं पंख्यासारखी पसरलेली दिसतात, ती यामुळे. भोकं गाभ्याच्या संदर्भात कुठे पाडली यावर हे सरकणं कमी-जास्त होतं. पूर्वी तोल साधायला एक जादा भोक पाडत; अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने 1 ऑगस्ट 2020 पासून पकडीसाठी न वापरलेल्या भोकांना बंदी घातली. जुना बॉल घेत असाल तर हे तपासा.

पहिल्या खरेदीला माझं मत स्पष्ट आहे: एक साधा, सममित गाभ्याचा मध्यम ताकदीचा रिॲक्टिव्ह आणि एक प्लास्टिकचा. दुकानातला सगळ्यात जास्त वळणारा बॉल घेऊ नका. तो भरपूर तेलासाठी आणि जलद हातांसाठी बनवलेला असतो. तुमच्या वेगाला तो 30 फुटांतच वळून दमेल.

रिॲक्टिव्ह बॉल तेल पितो. प्रत्येक वेळी बॉल परत आला की मायक्रोफायबरच्या फडक्याने तेलाची वर्तुळं पुसा, खेळ संपल्यावर बॉल क्लीनरने लगेच स्वच्छ करा, कारण नंतर तेल आत मुरतं. साधारण 50-60 गेमनंतर पृष्ठभाग परत घासून घ्या. "बॉल मेला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा बॉल बहुतेक वेळा नुसता घाणेरडा असतो. आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तो कधीच ठेवू नका. कवच आणि गाभा वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि बॉलला तडा जातो, तोही सहसा अंगठ्याच्या भोकापासून.

बॉल परत येतो त्या यंत्राच्या तोंडाशी हात नेऊ नका. थांबलेल्या दोन बॉलच्या मध्ये बोटं जातील असा बॉल उचलू नका. दोन्ही हात बॉलच्या दोन बाजूंना, येणाऱ्या बॉलच्या आड येणार नाहीत असे ठेवून उचला. अंगठा भोकात घालायची वेळ ॲप्रोचवर उभं राहिल्यावर.